अ‍ॅक्युझेटिव्ह : आरोपी कोण?

अकरावीत असताना इंग्रजीच्या चाचणी परीक्षेत मी लिहिले होते : 'ज्याच्यावर आरोप ठेवला जातो त्याची विभक्ती म्हणजे अ‍ॅक्युझेटिव्ह केस.' शब्दकोशात 'अ‍ॅक्यूज' म्हणजे आरोप करणे असा अर्थ सापडला होता, त्यावरून बांधलेला हा अंदाज. उत्तरावर तांबडी फुली आली. सरांनी ते वर्गात मोठ्याने वाचूनही दाखवले. वर्ग पोट धरून हसला आणि पुढे वर्षभर इंग्रजीच्या तासाला मी हात वर केला नाही.

बी. ए. ला आल्यावर या शब्दाचे मूळ शोधले ते खरे तर त्या हसण्यामुळे.

अ‍ॅक्युझेटिव्ह ही कर्माची विभक्ती. पण 'मी आंबा खातो' यात आंब्याचा गुन्हा कोणता? हे नाव मुळात ग्रीक आहे. ग्रीक वैयाकरण या विभक्तीला 'ऐतिआतिके' म्हणत. त्यामागच्या 'ऐतिया' या शब्दाला दोन अर्थ होते : एक कारण, दुसरा आरोप. आपल्याकडेही 'अपघाताला कारणीभूत कोण?' असे विचारले की त्यात कारण आणि ठपका दोन्ही येतात, तसेच काहीसे. बहुतेक पंडितांच्या मते ग्रीकांना येथे पहिलाच अर्थ अभिप्रेत होता. कर्त्याच्या क्रियेमुळे जे घडून येते, ते दाखवणारी ही विभक्ती. गवंडी घर बांधतो, घर हे त्या क्रियेचे फळ. रोमन लोकांनी हे नाव लॅटिनमध्ये आणताना मात्र दुसरा अर्थ उचलला. इ. स. पूर्व पहिल्या शतकातला महापंडित व्हारो हिला 'आरोप करण्याची विभक्ती' म्हणतो. पुढे इ. स. ५०० च्या सुमारास प्रिशियनने 'कारणाची विभक्ती' हे पर्यायी नावही दिले, पण तोवर पहिले नाव रूढ झाले होते. तेच इंग्रजीत आले.

पाणिनीच्या परंपरेत हा घोटाळा संभवत नाही. तिथे विभक्तीला नाव नाही, क्रमांक आहे : प्रथमा, द्वितीया. क्रमांकाचे भाषांतर चुकणार कसे? अर्थाचा विचार कारकात वेगळा केला आहे. कर्त्याला क्रियेने जे मिळवण्याची सर्वांत अधिक इच्छा असते ते कर्म. मला ही मांडणी अधिक शहाणपणाची वाटते.

आणखी एक गंमत. इंग्रजीत नामांना या विभक्तीचे वेगळे रूप आता उरलेले नाही. 'मी', 'हिम', 'देम', 'हूम' अशी सर्वनामांची रूपे तेवढी आहेत. त्यातही 'हिम' हे जुन्या इंग्रजीत चतुर्थीचे रूप होते. द्वितीयेचे रूप 'हिने' असे होते, ते मागे पडले आणि 'हिम'ने दोन्ही कामे पत्करली. मराठीत 'ला' हेच करतो. 'मुलाला पाहिले' यात तो द्वितीयेचा, 'मुलाला पुस्तक दिले' यात चतुर्थीचा. आणि 'पुस्तक वाचतो' म्हणताना आपणही कर्माला प्रत्यय लावत नाही. वर्गात हे एकदा असे जोडून सांगितले असते तर माझ्यासारख्यांना ऑब्जेक्टिव्ह केसची एवढी धास्ती वाटली नसती.

ती उत्तरपत्रिका अजून माझ्याजवळ आहे. फुली बरोबरच आहे, उत्तर चुकलेच होते. फक्त फुलीशेजारी मी पेन्सिलीने व्हारोचे नाव लिहून ठेवले आहे.