आधी तार लावून मोजा

घरात इंटरनेट रखडतंय म्हणून प्लॅन वाढवायला निघालेल्या प्रत्येकाला मी एकच सांगतो: आधी लॅपटॉपला तार लावून वेग मोजा. भोपाळच्या साकेत नगरातल्या आमच्या घरी १०० एमबीपीएसचा प्लॅन होता आणि मागच्या खोलीत मुलीचा ऑनलाइन क्लास सारखा अडकायचा. तक्रार केली की उत्तर ठरलेलं, "अंकल, प्लान बढ़वा लीजिए." प्लॅन ३०० चा झाला, बिल वाढलं, क्लास अडकायचा तो अडकतच राहिला.

मग लॅपटॉप राउटरला केबलने जोडून मोजणी केली. आकडा ९४ च्या पुढे जाईना. ही खूण लक्षात ठेवा. मोठ्या प्लॅनवर वेग ९४-९५ ला अडकला, तर राउटरचं पोर्ट १०० चं असतं किंवा केबलमध्ये खोट असते. फायबरच्या डब्यातून राउटरकडे येणाऱ्या आमच्या केबलचा पारदर्शक कनेक्टर उजेडात धरला, तर आठ खाचांपैकी चारच खाचांत तारा होत्या. चार तारांवर १०० च्या पुढे जाताच येत नाही. त्याला आठही लागतात. केबल बदलली आणि तारेवरचा वेग पुरा मिळू लागला.

मागची खोली मात्र तशीच. इथे प्रश्न हवेतला होता. एम्स शेजारी असल्याने आमच्या गल्लीत भाड्याच्या खोल्या भरपूर, खोलीगणिक राउटर. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांच्या आड न येणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. त्यावर सगळी गल्ली आणि वर मायक्रोवेव्हही. ५ गिगाहर्ट्झ मोकळा आणि वेगवान, पण विटांच्या दोन भिंतींत दमतो. त्यात आमचा राउटर टीव्हीमागे, लोखंडी कपाटाला चिकटून. तो पॅसेजमध्ये उंचावर आणला, तेव्हा मधल्या खोल्या सुधारल्या. मागच्या खोलीसाठी मी केबल ओढून दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून लावला. स्वस्तातला रिपीटर घेऊ नका. एकाच बँडवर ऐकायचं आणि तेच पुढे पाठवायचं, यात त्याचा वेग निम्म्यावर येतो.

खोक्यावरच्या '१२००' ला भुलू नका. ती दोन्ही बँडची कागदी बेरीज असते, आणि एका बँडच्या कागदी वेगाच्याही पन्नास-साठ टक्के हातात आला तरी पुष्कळ. डाउनलोडमध्ये सेकंदाला १२ एमबी दिसले, तर तेच जवळपास १०० एमबीपीएस. एमबीपीएसच्या आकड्याला आठाने भागायचं असतं. फोर-के चित्रपटालासुद्धा नेटफ्लिक्स १५ एमबीपीएस पुरेसे मानतं, तेव्हा चार माणसांच्या घराला शंभरचा प्लॅन सहसा पुरतो.

तारेवर वेग पुरा असेल, तर पैसे राउटरच्या जागेवर आणि केबलवर घाला. केबल धड असूनही तारेवरच वेग कमी आला, तर दुपारी आणि रात्री मोजून तारखेसह स्क्रीनशॉट ठेवा आणि लेखी तक्रार करून तिचा नंबर मागून घ्या.