जुनं कॅलेंडर रद्दीत टाकण्याआधी

पालकहो,

डिसेंबर हा शाळेत अभ्यासाचा महिना नसतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे. स्नेहसंमेलनाच्या तालमी, क्रीडास्पर्धा, एसटी ठरवून काढलेली सहल, आणि त्या गडबडीत कुठेतरी दामटून बसवलेली एक घटक चाचणी. मग नाताळ येतो. काही शाळांना आठवडाभर सुट्टी, काहींना २५ तारखेचा एकच दिवस. सुट्टी केवढीही असो, शाळा सुटताना फाटकाशी एक प्रश्न हमखास येतो: "बाई, सुट्टीत हिच्याकडून काय करून घेऊ?"

माझं उत्तर ठरलेलं आहे. काही करून घेऊ नका. ते ऐकून समोरच्या आईचा चेहरा पडतो, तोही ठरलेला. फाटकाशी उभं राहून सगळं सांगता येत नाही, म्हणून आज जरा सविस्तर बोलते.

मुलांचं वर्ष डिसेंबरात संपत नाही. ते जूनमध्ये नव्या वह्यांना कव्हरं घालताना सुरू होतं आणि निकालाच्या दिवशी संपतं. घराचं वर्ष पाडव्याला बदलतं, ऑफिसचं ३१ मार्चला. म्हणजे ३१ डिसेंबर ही मुलाच्या लेखी वर्षाच्या मधलीच एक तारीख. बराचसा अभ्यासक्रम अजून व्हायचाच असतो. पण आपण मोठी माणसं तेव्हा हिशेबाला बसतो आणि त्यात मुलालाही ओढतो. सहामाहीला गणितात इतकेच का, अक्षर कधी सुधारणार, नवीन वर्षात मोबाईल बंद म्हणजे बंद. जानेवारीत मुलं संकल्प लिहून आणतात ना, ते वाचताना मला त्यांच्या आयांचे आवाज ऐकू येतात. चौथीतल्या एका पठ्ठ्यानं लिहिलं होतं, "मी उलट उत्तरे देणार नाही." मी विचारलं, "कुणाला रे?" तर म्हणाला, "ते आईनं सांगितलं नाही."

थर्टी फर्स्टच्या रात्रीचंही तसंच. सहा-सात वर्षांचं पोर हॉटेलच्या कोपऱ्यात खुर्चीवर पेंगत बसलेलं, समोर गार झालेले फ्रेंच फ्राइज, कानाशी डीजे, आणि ते झोपू नये म्हणून हातात दिलेला मोबाईल. बारा वाजता त्याला हलवून जागं करायचं, "हॅपी न्यू इयर" म्हणायला लावायचं, व्हिडिओ काढायचा. मोठ्यांनी मजा करावी, माझी काही हरकत नाही. फक्त ती मुलांसाठी चालली आहे असं कुणी म्हणू नये.

गोव्यात बघा, तिथे वर्षअखेर खरोखर पोरांची असते. वाड्यावरची मुलं जुन्या शर्ट-पँटमध्ये पेंढा आणि रद्दी ठासून 'ओल्ड मॅन' बनवतात, त्याला रस्त्याकडेला बसवतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून पैसे मागतात आणि रात्री बाराला त्या म्हाताऱ्याला, म्हणजे सरत्या वर्षाला, पेटवून देतात. मुंबईत वांद्र्यालाही हे चालतं. पेंढा पोरांनीच आणायचा, वर्गणी त्यांनीच मागायची, टोपी कुठली घालायची यावर भांडायचंही त्यांनीच. मोठ्यांचं काम जाळताना जवळ उभं राहण्यापुरतं.

आपल्याकडे ही रीत नाही आणि मुद्दाम आणायचीही गरज नाही. पण आपल्या भिंतीवर एक वस्तू असते, तिचा उपयोग करता येईल. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी 'कालनिर्णय' काढलं आणि तिथी, सण, एकादश्या, मागच्या पानावरच्या पाककृती, सगळं एका खिळ्यावर टांगून ठेवायची सोय झाली. तुमच्याकडे ते असेल नाहीतर दुसरं कुठलं असेल. ३१ तारखेला ते खिळ्यावरून उतरतं आणि थेट रद्दीत जातं, नाहीतर कपाटाच्या फळीवर अंथरलं जातं. त्याआधी ते एकदा मुलाला शेजारी बसवून जानेवारीपासून वाचा.

फोन हल्ली आपोआप वर्षाचा व्हिडिओ करून देतो हे मला माहीत आहे. पण आपण फोटो काढतो ते वाढदिवसाचे, लग्नाचे आणि समुद्रावरचे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर काय असतं? दूध अर्धा लिटर जास्त. सिलिंडर लावला. मावशी खाडा. पाणी येणार नाही. पालकसभा, ११ वाजता. आबा ॲडमिट. खाली चौकोनात आबा घरी, आणि त्याच्याभोवती दोनदा गिरवलेलं वर्तुळ. कुठल्या अल्बममध्ये नसलेलं घर इथे असतं, आणि मूल त्याच घरात वर्षभर राहिलेलं असतं.

तुम्ही फक्त नोंद वाचा, पुढचं मुलाला बोलू द्या. ऐकून चाट पडाल. तुम्ही मे महिन्यातल्या महागड्या सहलीवर बोट ठेवाल आणि त्याला तिथला फक्त हॉटेलच्या लिफ्टचा आरसा आठवेल. एका तिसरीतल्या मुलीला मी विचारलं होतं, या वर्षात सगळ्यात भारी काय झालं? तिनं क्षणभरही विचार केला नाही. "पावसानं रस्ता बंद होता, बाबा ऑफिसला गेलेच नाहीत. आम्ही दुपारी भजी केली आणि बाबांनी माझ्याशी व्यापार खेळला. ते हरले." स्पर्धेत मिळालेलं पदक तिच्या घरी दिवाणखान्यात लावलेलं आहे, त्याचं तिनं नावही काढलं नाही.

हे नवं नाही. २४ डिसेंबर, म्हणजे नेमक्या या सुट्टीतला दिवस, साने गुरुजींचा जन्मदिवस. १८९९ मध्ये पालगडला जन्मलेले गुरुजी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहायला बसले. आईला जाऊन तेव्हा पंधराएक वर्षं झाली होती. त्यांना काय आठवलं? विहिरीत पोहायला जायला घाबरून लपलेला श्याम आणि त्याला बाहेर काढणारी आई. अंगणातली फुलझाडं. गरिबीतले सण. आपल्याला वाटतं की आठवणी आपण ठरवून, पैसे भरून तयार करतो. मूल मात्र आपण बेसावध असताना त्या उचलतं.

आता एक नाजूक गोष्ट. काही घरांत या वर्षी माणूस गेलेलं असेल. वर्ष पाळायचं म्हणून दिवाळीला आकाशकंदील लावला नसेल, फराळ शेजारून आला असेल. मोठ्यांना त्याचं कारण कळतं. मुलाला एवढंच दिसतं की सगळ्यांच्या घरी उजेड आणि आमच्याकडे नाही, आणि विचारलं की सगळे गप्प होतात. आजी गेल्याचा महिना कॅलेंडरवर येईल तेव्हा ते पान भरभर उलटू नका. थांबा. मूल म्हणेल, "त्या दिवशी मला शेजारच्या काकूंकडे का पाठवलं?" हा प्रश्न त्यानं कित्येक महिने मनात ठेवलेला असतो. साधं, खरं उत्तर द्या. रडू आलं तर येऊ द्या. आपली आई रडते हे मुलांना माहीत असतं, आपण उगाच लपवतो. 'आजी देवबाप्पाकडे फिरायला गेली' वगैरे मात्र सांगू नका. फिरायला गेलेलं माणूस परत येतं, आणि मूल वाट बघत बसतं.

ज्यांना या दिवसांत रजाच मिळत नाही, त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. पोलिसांचा थर्टी फर्स्टला बंदोबस्त असतो, नर्सची रात्रपाळी असते, हॉटेलात आणि केकच्या दुकानात काम करणाऱ्यांना तर श्वास घ्यायला फुरसत नसते. कॅलेंडर वाचायला अर्धा तास पुरतो आणि तो ५ जानेवारीचा असला तरी काही बिघडत नाही. गावाकडे कुणी असेल आणि जमत असेल, तर पोरांना घेऊन जा. हुरड्याचे दिवस आहेत. माणशी पैसे भरून, पाळण्यासकटची हुरडा पार्टी करण्यापेक्षा काकाच्या शेतात आगटीशी बसून, कणीस हातावर चोळताना तळवा भाजलेला बरा. सोबत लसणाची चटणी आणि गूळ असला की पोरं मोबाईल कुठे ठेवला ते विसरतात. हे मात्र मी स्वतः पाहिलेलं आहे.

तर या सुट्टीत एवढंच करा. संकल्प करायचे असतील तर आपापले करा, त्यात मुलाचं नाव घालू नका. मार्कांचा विषय शाळा उघडेपर्यंत मिटवून ठेवा. शाळा उघडली की आम्ही आहोतच. नवं कॅलेंडर खिळ्यावर चढवलंत की पेन मुलाच्या हातात द्या आणि पहिली नोंद त्याला करू द्या. मित्राचा वाढदिवस लिहील, क्रिकेटची मॅच लिहील, कदाचित नुसतं मांजर काढेल. अक्षर वाकडं आलं, तरी खोडून पुन्हा लिहायला लावू नका.