नेमणूकपत्र वाच, मग ठरव

देवगाव रंगारी

चि. सोनी हिस,


फोनवर हे बोलणं होत नाही. मी दोन वाक्यं बोललो की मागून दादा, म्हणजे तुझा बाप, तिसरं बोलतो, आणि तू "बघू" म्हणून फोन ठेवून देतेस. म्हणून लिहायला बसलो. निवांत वाच. वाचून झाल्यावर दादाला दाखवलंस तरी माझी हरकत नाही. त्याच्याविषयी इथं जे लिहिलंय ते मी त्याच्या तोंडावर बोलून झालेलं आहे.

आधी तुझ्यापुढे नक्की काय आहे ते पाहू. घरात सगळे म्हणतात, पोरीपुढे एकीकडे सरकारी नोकरी आणि एकीकडे कंपनी, आता तिनं काय ते ठरवावं. मला तर तुझ्यापुढे शेंद्र्याच्या कंपनीचं एक नेमणूकपत्र दिसतंय आणि औरंगपुऱ्यातल्या एका अभ्यासिकेची पावती दिसतेय. सरकारी नोकरी अजून कुणी तुला देऊ केलेली नाही. नाकारायची वेळ आलीच, तर हातातलं पत्र नाकारायचं आहे, एवढं लक्षात ठेव.

दादाच्या डोक्यात तलाठी बसलाय. २०२३ साली तलाठ्याच्या ४,६४४ जागांची जाहिरात निघाली. अर्ज आले दहा लाखांच्या वर. म्हणजे एका जागेमागे दोनशेच्या पुढे पोरं. खुल्या गटाला फी हजार रुपये, राखीव गटाला नऊशे. परीक्षा ऑगस्ट-सप्टेंबरात झाली, गुणवत्ता यादी लागायला जानेवारी उजाडला, आणि लागली तेव्हा गुणांच्या सामान्यीकरणात कुणाकुणाला २०० पैकी २०० च्या वर गुण दिसले म्हणून गोंधळ उडाला तो वेगळाच. पुढच्या वर्षी पोलीस भरती झाली, १७,४७१ जागा आणि साडेसतरा लाखांच्या वर अर्ज. आपल्या गावची पोरं पहाटे अंधारात शिऊरच्या रस्त्याला पळत असतात, सोळाशे मीटरची वेळ मोबाइलवर लावून. त्यांच्यातलं कुणी आळशी नाही. तू हुशार आहेस, पॉलिटेक्निकला पहिल्या वर्गात पास झालीस, सगळं खरं. पण त्या दहा लाखांतही हुशार पोरं पोत्यानं होती, आणि त्यांतली बरीच अजून त्याच अभ्यासिकेत त्याच खुर्चीवर बसलेली आहेत.

वयाची मर्यादा खुल्या गटाला ३८, मागासवर्गीयांना ४३. सरकारने ती सोय म्हणून वाढवली. माझ्या मते तिने पोरांचं नुकसान जास्त केलं. मर्यादा अठ्ठावीसला असती तर तिशीच्या आत माणूस दुसऱ्या धंद्याला लागला असता. आता "अजून दोन अटेम्प्ट आहेत" म्हणत पस्तिशी गाठतात, आणि बापाने तोवर अद्रकीचं निम्मं रान गहाण टाकलेलं असतं.

आता पेन्शनचं. घरात दोन पासबुकं एकाच कपाटात असल्यामुळे तुमचा सगळ्यांचा समज चुकीचा झालाय, म्हणून नीट सांगतो. तुझी काकू आरोग्यसेविका म्हणून २००५ च्या खूप आधी लागली. तिला जुनी पेन्शन आहे: शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी, वर महागाई भत्ता. महागाई वाढली की तीही वाढते. मी वाळूजला एका वेंडर कंपनीत आयुष्य काढलं, शेवटी टूलरूमचा सुपरवायझर झालो, आणि माझी पेन्शन साडेतीन हजारांच्या आत आहे. काकूची त्याच्या दहापट. दर महिन्याला ती पासबुक भरून आणते आणि काही न बोलता माझ्यापुढे ठेवते, हे तू पाहिलंच आहेस.

माझी एवढी कमी का, तर कंपनी पीएफमध्ये जे बारा टक्के घालते त्यातले ८.३३ टक्के पेन्शनच्या खात्यात जातात, पण ते खऱ्या पगारावर नाही, ठरवून दिलेल्या मर्यादेपर्यंतच्या पगारावर. २०१४ पर्यंत ती मर्यादा साडेसहा हजार होती, नंतर पंधरा हजार झाली. पगार चाळीस हजार असो की साठ, पेन्शनच्या खात्यात महिन्याला फार तर साडेबाराशे पडतात. त्यातून काय उगवणार?

हे पाहून दादा म्हणतो, बघ, सरकारी ती सरकारी. पण काकूचं दार १ नोव्हेंबर २००५ ला बंद झालं. त्या तारखेनंतर महाराष्ट्र सरकारच्या नोकरीत लागलेल्यांच्या पगारातून दहा टक्के कापले जातात, सरकार आपले चौदा घालतं आणि तो पैसा बाजारात गुंततो. मार्च २०२३ मध्ये कर्मचाऱ्यांनी जुन्या पेन्शनसाठी आठवडाभर संप केला. पुढे सरकारने निम्म्या पगाराची हमी देणारी सुधारित योजना आणली, तिला अटी आहेत. तेव्हा आज लागणाऱ्या तलाठ्याला म्हातारपणाचा आधार कंपनीवाल्यापेक्षा जास्त आहे हे मी मान्य करतो. पण तो काकूच्या पासबुकाएवढा असेल असं समजून तू तुझी पाच वर्षं अभ्यासिकेत घालू नकोस. कंपनीत राहिलीस तर म्हातारपणासाठी पैसा पहिल्या पगारापासून बाजूला टाकायची शिस्त तुला लावावी लागेल. ती मला कुणी लावली नाही, मी तुला लावतोय.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते आता लिहितो. सरकारी की खाजगी, हा प्रश्न तुमच्या पिढीचा राहिलेला नाही. तुमचा प्रश्न कायम की कंत्राटी, हा आहे, आणि ती रेघ दोन्हीकडून जाते. काकूच्या उपकेंद्रात शेवटची काही वर्षं तिच्यासोबत आरोग्य अभियानातली एक पोरगी होती. लसीकरणाच्या दिवशी दोघी एकाच बाकड्यावर, एकाच थर्मासचा चहा, एकच रजिस्टर. कोविडात दोघींनी एकच गल्ली वाटून घेतली. पण काकूचा पगार तिच्या कितीतरी पट, आणि त्या पोरीचा करार दर वर्षी संपायचा, मध्ये एक दिवसाचा ब्रेक, मग नवा आदेश. तो आदेश येईपर्यंत तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही. नातेवाइकांत ती "सरकारी दवाखान्यात आहे" म्हणून मिरवायची, आणि लग्नही त्याच नावावर ठरलं.

तसंच इकडे. वाळूजच्या एकाच लाइनवर परमनंट, ट्रेनी आणि ठेकेदाराचा माणूस असे तिघं शेजारी उभे राहतात. टोप्यांचे रंग वेगळे, काम एक. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये परमनंटवाल्यांना कमी-जास्त पगार मिळत राहिला. ठेकेदाराची पोरं रांजणगाव शेणपुंजीच्या खोल्या सोडून गावाकडे निघून गेली, त्यांतल्या कित्येकांना कुणी परत बोलावलंच नाही.

सरकारनेही हाच रस्ता धरून पाहिलाय. सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ खाजगी एजन्सींमार्फत सरकारी कामाला माणसं घ्यायचा शासन निर्णय निघाला, पोरं रस्त्यावर उतरली आणि ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला. निर्णय रद्द झाला, प्रवृत्ती गेली असं मला वाटत नाही. जिथं कंत्राटाला शेवट असतो तिथं गोष्ट वेगळी: महावितरणचा विद्युत सहायक पहिली तीन वर्षं कमी मानधनावर काढतो आणि मग तंत्रज्ञ म्हणून कायम होतो, शिक्षणसेवकाचंही तसंच. पुढे दार आहे हे कागदावर लिहिलेलं असेल, तर सुरुवातीचा कमी पगार सोसायला काही हरकत नाही.

म्हणून तुझं शेंद्र्याचं पत्र पुन्हा काढ आणि शांतपणे वाच. सही कुणाची आहे, कंपनीच्या एचआरची की कुठल्या मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेकेदाराची? "ट्रेनी" लिहिलंय, तर मुदत किती आणि मुदतीनंतर काय, ते लिहिलंय का? सीटीसीच्या आकड्यावर जाऊ नकोस. त्यात ग्रॅच्युइटी असते, कँटीन असतं, बसही असते; हातात किती येणार ते विचार. पीएफ कापणार का, आणि मूळ पगार मुद्दाम कमी दाखवलाय का, तेही बघ. बाँड मागत असतील तर रक्कम आणि वर्षं बघ. मूळ प्रमाणपत्रं मागितली तर देऊ नकोस, झेरॉक्स दे, मूळ फक्त दाखव. हे विचारायला लाजू नकोस. जी कंपनी एवढं विचारल्यावर चिडते ती पुढे रजा मागितल्यावर काय करेल?

रजेवरून आठवलं. काकू म्हणते हे मुद्दाम लिही. बाळंतपणाची पगारी रजा कायद्याने कंपनीतही २६ आठवडे आहे, सरकारमध्ये १८० दिवस. कागदावर फारसा फरक नाही. पण कंत्राटी बाईची मुदत नेमकी त्याच सुमारास संपते आणि पुढचा करार होत नाही, हे तिने डोळ्यांनी पाहिलंय. रात्रपाळी, घरापर्यंत बस, लेडीज रेस्टरूम, हेही आत्ताच विचारून घे.

दादा तुला व्हिडिओकॉनचं उदाहरण देईल, मलाही देतो. चितेगावचा एवढा मोठा कारखाना, आणि कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. खरं आहे. कंपन्या बुडतात. पण माझ्या ओळखीतल्या ज्यांच्या हातात कसब होतं, डाय बसवणं, मेंटेनन्स, पॅनेलचं वायरिंग, ते दोन-चार महिन्यांत दुसरीकडे लागले. एकाच जागी एकच स्क्रू फिरवत राहिले त्यांचे हाल झाले. तेव्हा कंपनीत गेलीस तर पहिल्या वर्षी असेंब्लीत अडकून राहू नकोस. टेस्टिंग मागून घे, मेंटेनन्स मागून घे. पीएलसी येत नसेल तर चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूलरूममध्ये कोर्सची चौकशी कर. त्या दारातून बाहेर पडलेली पोरं मी हाताखाली घेतलेली आहेत, त्यांना शिकवावं लागत नाही.

आणि घोषणांवर जाऊ नकोस, इकडच्याही नाही आणि तिकडच्याही नाही. जुलै २०२४ मध्ये टोयोटा-किर्लोस्करचा बिडकीनसाठी करार झाला, वीस हजार कोटींचा. चांगली गोष्ट आहे, तुझ्यासारख्या इलेक्ट्रिकलच्या पोरींना उद्या त्याचा उपयोग होईल. पण २०१८ ला बहात्तर हजार पदांची मेगाभरती आणि २०२२ ला पंचाहत्तर हजारांची घोषणा हेही आपण ऐकलेलं आहे. दोन्ही बातम्या आल्या तेव्हा चौकात पेढे वाटले नाहीत एवढंच.

मग परीक्षा सोडायची का? नाही. तलाठी सोड. तुझ्या डिप्लोम्याशी त्याचा काही संबंध नाही, आणि तिथं तुझी तीन वर्षांची विद्या शून्याला विकावी लागते. तू कनिष्ठ अभियंत्याच्या, महावितरणच्या पदविका अभियंता प्रशिक्षणार्थीच्या जाहिराती बघ. तिथं अर्ज करायला डिप्लोमा लागतो, म्हणून गर्दी आपोआप गळते. अर्धा पेपर तू कॉलेजात शिकलेलाच असतो आणि उरलेला कामावर ताजा राहतो. महिलांना तीस टक्के समांतर आरक्षण आहे ते वेगळं. पगारही तलाठ्यापेक्षा वरचा: तलाठ्याचा मूळ पगार २५,५०० पासून, राज्य सरकारच्या कनिष्ठ अभियंत्याचा ३८,६०० पासून. नोकरी करत पहाटे दोन तास आणि रविवार पूर्ण, असे दोन प्रयत्न दे. लागली तर कंपनीला रीतसर नोटीस देऊन जा, काकू सगळ्यात आधी पुरणाचा घाट घालील. नाही लागली तर तुझ्या हातात तीन वर्षांचा अनुभव असेल आणि तू कुणाची देणेकरी नसशील. तिसऱ्या प्रयत्नाला माझ्याकडे पैसे मागायला येऊ नकोस, मिळणार नाहीत.

दादाचं काय चुकतं ते सांगतो, रागावू नकोस. त्याला तलाठ्याचा पगार किती ते माहीतच नाही. त्याला दिसतो तो सातबाऱ्यासाठी घातलेल्या खेट्यांचा अपमान, आणि आपल्या घरातलं कुणीतरी त्या खुर्चीत बसावं असं वाटतं. ते मी समजू शकतो. पण गावात सरकारी नोकरीचं कौतुक करताना अर्धे लोक पगाराचा हिशेब करतच नाहीत, वरच्या पैशाचा करतात, आणि ते उघड बोलतातही. तसल्या हिशेबानं तुला तिथं पाठवायचं असेल तर मला ते नको. लग्नाची काळजी त्याला आहे, ती बापाला असणारच. पण आपल्या भागात आता पोरांचीच लग्नं अडलीत. कमावत्या पोरीला स्थळं येतात, अभ्यासिकेतल्या पोरीला "निकाल कधी?" एवढंच विचारतात.

दादाशी मी बोलतो, अद्रकीच्या रानावर कर्ज काढू देणार नाही. तू सोमवारच्या आत पत्राचे सगळ्या पानांचे फोटो मला पाठव, शेवटच्या पानावरच्या बारीक अक्षरांसकट. कंपनीची सही असेल तर त्याच दिवशी होकार कळव आणि रुजू व्हायची तारीख चुकवू नकोस. ठेकेदाराचं नाव असेल तर होकार द्यायच्या आधी मला फोन कर.

तुझा,
काका