वाडीच्या रानात तरोटा बघायला

जुलैतल्या रविवारी फार लांब जायचं नसेल, तर नागपूरहून अमरावती रोडनं वाडी गाठा. गोदामं आणि ट्रकांच्या रांगा बघून नाक मुरडू नका. खडगाव रोडनं लावा गावाकडे सरकलं की पडीक रानं नि बांध लागतात, आणि तिथं तरोटा माजलेला असतो. पुण्या-मुंबईकडे या रानभाजीलाच टाकळा म्हणतात. कोणी पेरत नाही, राखत नाही. मृगाचा पाऊस पडला की आपसूक उगवतो. ढोरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून तर एवढा उरतो.

निघायचं सकाळीच. संध्याकाळी तरोट्याची पानं जोडीजोडीनं मिटतात आणि मग ओळख पटत नाही. देठावर पानांच्या तीन जोड्या, टोकं गोलसर. खालच्या जोडीच्या बेचक्यात बारीकशी नारिंगी गाठ असते. ती बघायला गुडघे टेकावे लागतात. खुशाल टेका, पण आधी काठीनं गवत हलवून घ्या. बूट घोट्यापर्यंतचे हवेत. काळी माती तळव्याला थापून बसेल, त्याला इलाज नाही.

इतकं बारीक पाहायचं कारण म्हणजे त्याचा भाऊबंद कासविंदा. त्याची पानं टोकदार, चुरगळली की उग्र वास, आणि गाठ थेट देठाच्या बुडाशी. शेंगा चपट्या, तरोट्याच्या मात्र बारीक, लांब, विळ्यासारख्या वाकलेल्या. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलांच्या एका जीवघेण्या आजाराचं मूळ कासविंद्याच्या शेंगांत सापडलं होतं. सोबत मुलं असतील तर कुठलीच शेंग तोंडात जाऊ देऊ नका.

भाजीसाठी फुलं येण्याआधीचा कोवळा शेंडाच खुडावा. लसूण, हिरवी मिरची, भिजवलेली चण्याची डाळ आणि ज्वारीची भाकर, एवढं पुरे. किंचित कडसर लागते, पोटाला सारक असते. पहिल्यांदा बेतानंच खा. पिवळी फुलं बघायची तर सप्टेंबरात पुन्हा या. बिया भाजून कॉफीसारख्या उकळणारेही आहेत. मला त्यात फारसा राम वाटला नाही.

हमरस्त्याकडेचा धूळ-धूर खाल्लेला पाला घेऊ नका. वाडीजवळच्या आयुध निर्माणीच्या कुंपणापाशी रेंगाळू नका, फोटो तर नाहीच. पुढे गोरेवाड्याच्या राखीव जंगलात गेलात तर तिथलं पानही तोडायचं नाही. आणि ओळखीबद्दल जराही शंका असली तर रिकाम्या हातानं परता. पावसाळ्यात नागपूरच्या भाजीबाजारात तरोटा विकायला येतोच.