अय्यारच्या रेघेतला झटका

प्रश्न : मी लखनौ छावणीत राहते; बाबा आर्मी मेडिकल कोअरच्या सेंटरमध्ये आहेत. 'तिलिस्म-ए-होशरुबा' या उर्दू दास्तानमधली पात्रं मी टॅब्लेटवर, क्रिता हे चित्रकलेचं सॉफ्टवेअर वापरून काढते आहे. पेन्सिलीचं कच्चं चित्र जिवंत वाटतं, पण वरून डिजिटल शाई फिरवली की अमर अय्यार प्लास्टिकचा दिसायला लागतो. ब्रश बदलून पाहिले, फरक नाही. चुकतंय कुठे?
– एक वाचक, लखनौ छावणी

उत्तर : ब्रशला दोष देऊ नका. आधी ब्रश स्मूदिंगमध्ये स्टॅबिलायझर किती चढवलाय ते बघा. पेन ज्या ज्या जागांवरून गेलं त्यांची सरासरी काढत तो रेघ ओढतो. हाताची थरथर जाते हे खरं, पण तिच्यासोबत कोपरे गोल होतात आणि मधेच मारलेला झटकाही विरतो. अय्यार म्हणजे सोंग, चलाखी, पळापळ. त्याच्याच रेघेतला झटका काढून घेतला तर मागे फक्त बाह्याकृती उरते. लांब, संथ वळणांपुरता स्टॅबिलायझर ठेवा. चेहरा, बोटं, कपड्याच्या चुण्या यांना तो बंद.

दुसरा संशय झूमवर. चारशे टक्क्यांवर काढताना मनगटसुद्धा हलत नाही, नुसती बोटं चालतात, आणि डोळ्याची पापणी व झग्याची कड एकाच जाडीची होऊन बसते. छपाईच्या मापाचा कॅनव्हास 600 डीपीआयला घ्या, पण पूर्ण आकृती पडद्यावर दिसेल इतकं दूर राहून शाई फिरवा. हात खांद्यातून फिरू द्या. दाबाचा आलेखही स्वतःच्या हाताला जुळवून घ्या. हलक्या हाताच्या माणसाला मुळातला आलेख बहुधा जड पडतो.

आता तुमच्या गावाची गोष्ट. ही दास्तान 1883पासून छापली ती हजरतगंजच्या नवल किशोर प्रेसनं, छावणीपासून जवळच. छापखाना 1858चा, आणि काम शिळाछापाचं. कातिब, म्हणजे सुलेखनकार, तेलकट शाईनं खास कागदावर लिहायचा, तो कागद दगडावर पालथा दाबला की अक्षरं दगडावर उलटी उतरायची. चूक राहिली तर संगसाज ती दगडावरच दुरुस्त करायचा, तीही उलट्या अक्षरांत. चूक सुधारता यायची, पण किंमत मोजून. तुमच्याकडे कंट्रोल-झेड फुकट आहे, आणि माझ्या मते रेघ मरते ती तिथेच: दहाव्यांदा ओढलेली रेघ बरोबर असते, पण सावधही असते. एक चित्र असं करा की शाईचा एकच लेयर आणि अनडू नाही. चूक झाली तर संगसाजासारखी वरूनच दुरुस्ती. उलटं बघायचंच असेल तर क्रितात एम दाबा, कॅनव्हास आरशातल्यासारखा दिसतो. तिरका झालेला जबडा लगेच कळतो.

अफ्रासियाब, म्हणजे जादूगारांचा बादशहा, त्याला मात्र वेगळी वागणूक हवी. धुराला आणि मंत्राला बाह्यरेषा नसते. आख्खा भाग काळा भरा, ई दाबून तोच ब्रश खोडरबर करा आणि काळ्यातून उजेड कोरत जा. इथे प्रयोगाला खूप जागा आहे. बाजारातले तयार 'इंक' ब्रश घेण्यापेक्षा खऱ्या शाईचे फटकारे हातकागदावर मारा, कुंचला कोरडा पडेपर्यंत ओढा, स्कॅन करा आणि त्यातून स्वतःची ब्रशटोकं बनवा. शाई धाग्यांतून कशी पसरते, कुठे तुटते, हे सॉफ्टवेअर अंदाजानं करतं; तुमच्या कागदानं ते प्रत्यक्ष केलेलं असतं. फक्त एकच टोक सगळीकडे वापरू नका. तोच शिंतोडा तिसऱ्यांदा दिसला की वाचक चित्र सोडून शिंतोडेच मोजतो.

व्हेक्टर लेयर चिलखत, मेहराबी, तिलिस्मी यंत्रं यांच्यासाठी उत्तम, कारण जाडी मागाहून बदलता येते. दाढीला आणि कातडीला तो शोभत नाही.

आणि रद्दीवाल्याकडून अमर चित्रकथेचे जुने अंक उचला, विशेषतः राम वाईरकरांनी चित्रित केलेला 'कृष्ण'. कथा बाजूला ठेवून नुसत्या रेघा बघा: कुठली जाड, कुठली मधेच सोडून दिलेली, आणि कुठे काळा ठोकळा ठेवून दहा रेघा वाचवल्या आहेत. त्यातलं एक पान तुमच्या ब्रशनं, अनडू न करता उतरवून पाहा.