कोळसा, हवा आणि ऊन
(परिसर अभ्यास : इयत्ता ५ वी)

हेतू.— मनुष्याच्या कृतीने हवामान कसे पालटते व स्वच्छ ऊर्जेकडे क्रमाक्रमाने का वळावयाचे, हे मुलांस परिसरातील वस्तूंवरून समजावे.

प्रस्तावना.— लाकडी कोळशाचा व मिळाल्यास दगडी कोळशाचा एकेक तुकडा वर्गात ठेवावा. ‘दोन्ही काळे, दोन्ही जळणारे, मग भेद कोणता?’ असे विचारावे. उत्तरे माडिया बोलीत आली तरी ती आदराने स्वीकारावीत.

विवेचन.— (१) लाकडातील कार्बन झाडाने आपल्या हयातीत हवेतूनच घेतलेला असतो. तोडलेल्या जागी रान पुन्हा वाढले की तो झाडांत परत जातो. दगडी कोळसा मात्र पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचा आहे. चंद्रपूरकडील ज्या खडकांत तो सापडतो, त्यांस भूवैज्ञानिकांनी गोंडांच्या भूमीवरून ‘गोंडवन’ हे नाव दिले आहे. भूगर्भात बंद असलेला हा कार्बन जाळला म्हणजे हवेत नवी भर पडते.

(२) सन १७५० च्या सुमारास हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डाय-ऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. १९५८ साली हवाई बेटावर नियमित मोजणी सुरू झाली, तेव्हा ते ३१५ च्या आसपास होते. आज ४२० च्या वर आहेत. हा वायू पृथ्वीची उष्णता बाहेर जाताना अडवितो. आभाळ भरलेली हिवाळी रात्र निरभ्र रात्रीहून कमी थंड असते, हा अनुभव येथे सांगावा. ढगही तसेच पांघरूण घालतात.

(३) चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. ते एका दिवसात बंद करता येणार नाही. दिवे, पंप, रुग्णालये व खाणकामगारांचा चरितार्थ त्यावर अवलंबून आहे. सौर पट्टी रात्री वीज देत नाही, पावसाळ्यात कमी देते. म्हणून साठवणीची सोय लागते. अशा सोयी वाढतील तसतसा कोळसा कमी व्हावयाचा. २०७० पर्यंत हवेतील निव्वळ भर शून्यावर आणण्याचा संकल्प भारताने २०२१ साली जाहीर केला.

शिक्षकांस सूचना.— पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा मार्ग पूर्वापार बंद पडत आला आहे. अमुक एक पूर हवामानबदलानेच आला, असे सांगू नये. तापमान एक अंशाने वाढल्यास हवेत सुमारे सात टक्के अधिक बाष्प मावते व अतिवृष्टीचा संभव वाढतो, इतकेच सांगावे. तसेच आईच्या चुलीस दोषी ठरवू नये. पृथ्वी तापविण्यात या पाड्यांचा वाटा अत्यल्प आहे. ज्याने थोडे जाळले, त्याच्या मुलाच्या मनात अपराधाची भावना रुजविणे अन्यायाचे होय. चुलीचा धूर टाळावयाचा तो मुख्यतः आईच्या डोळ्यांसाठी व छातीसाठी.

प्रयोग.— दोन सारख्या डब्यांपैकी एकीस बाहेरून काजळी व दुसरीस चुना लावावा. दोहोंत समान पाणी घालून दोन तास उन्हात ठेवावे. कोणते पाणी अधिक तापले, हे मुलांनी बोट बुडवून ठरवावे. उन्हात काम करण्याची शक्ती आहे, हे त्यांस पुस्तकाविना पटेल.

संकलन.— (अ) लाकूड व दगडी कोळसा यांच्या धुरात भेद कोणता? (आ) कोळसा एकदम का सोडता येत नाही? (इ) गावात उन्हावर चालणारी साधने कोणती? ती बिघडल्यास कोण दुरुस्त करतो?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘कोणीच नाही’ असे आले, तर ते फळ्यावर लिहावे व ग्रामसभेपुढे ठेवावे. दुरुस्ती शिकलेला गावचाच मुलगा किंवा मुलगी असेल, तरच सौर दिवा गावात टिकेल.