राखणीच्या कुत्र्यास चघळावयास काय द्यावें?

राखणीचें कुत्रें चार-पांच महिन्यांचें झालें म्हणजे त्याच्या दांतांचा प्रताप घरांत व मळ्यांत दिसूं लागतो. आज वहाणेचा अंगठा, उद्यां बैलाचें दावें. आणि ज्यांच्या शेतांत ठिबकाच्या नळ्या पसरलेल्या आहेत, त्यांस तर या दांतांची किंमत रोकड मोजावी लागते. लोक ह्यास खोड म्हणतात व पिलास बडवितात. वस्तुतः पिलाचे २८ दुधाचे दांत चवथ्या महिन्याच्या सुमारास पडूं लागतात व सातव्या महिन्यापर्यंत ४२ कायमचे दांत पुरे होतात. त्या काळांत हिरड्या शिवशिवतात, आणि पुढेंही चघळणें हा कुत्र्याचा स्वभावच राहतो. त्यास योग्य पदार्थ मिळाला नाहीं, तर तें अयोग्य पदार्थ शोधून काढतें, इतकेंच.

योग्य पदार्थ निवडतांना पुष्कळांची समजूत अशी असते कीं, जितका कठीण तितका तो अधिक टिकेल. हा विचार अर्धाच खरा आहे. टिकाऊपणा दोन प्रकारचा असतो: एक कठीणपणाचा व दुसरा चिवटपणाचा. कठीण पदार्थ दांतास दाद देत नाहीं. चिवट पदार्थ दाद देतो, पण सावकाश देतो. कुत्र्याच्या दांतावरील कवच मनुष्याच्या दांतावरील कवचापेक्षां पातळ, एक मिलिमीटरहूनही कमी जाडीचें असतें. म्हणून अति कठीण वस्तु फोडतांना वरच्या जबड्यांतील मोठ्या दाढेची कपची उडते. आंतील मज्जा उघडी पडून पू होतो. कुत्रें एका बाजूनें खाऊं लागतें, व धन्यास कारण कळत नाहीं. परीक्षा सोपी आहे: पदार्थावर अंगठ्याचें नख जोरानें दाबावें, किंचितही खूण उमटली नाहीं, तर तो पदार्थ कुत्र्यास देऊं नये.

या परीक्षेंत म्हशीचें शिंग, जनावराचा खूर आणि मोठ्या जनावराची नळी हीं तिन्ही नापास होतात. सांबर-चितळाच्या शिंगांविषयीं तर बोलावयासच नको. रानांत आपोआप गळून पडलेलीं शिंगेंही बाळगणें अगर विकणें हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वयें गुन्हा आहे. ज्यांची शेतें जंगलास लागून आहेत, त्यांनीं हें विशेष लक्षांत ठेवावें.

घरांतील उष्टें-खरकटें कुत्र्यापुढें टाकण्याची आपली जुनी रीत आहे. तींत तीन वस्तु घातक आहेत. शिजलेलें हाड ठिसूळ होऊन त्याच्या अणकुचीदार चिरफळ्या निघतात व त्या घशांत रुततात किंवा आंतडें भोंसकतात. कोंबडीचीं हाडें याबाबत सर्वांत वाईट. दुसरी वस्तु दाणे काढलेलें मक्याचें बुरकुंड. तें निरुपद्रवी दिसतें, परंतु त्याचा तुकडा पोटांत विरघळत नाहीं व आंतड्यांत बुचासारखा बसतो. आंब्याची कोयही तशीच. ज्येष्ठांत आमरसाचें जेवण झाल्यावर कोयी कुत्र्यापुढें न टाकतां उकिरड्यांत पुराव्या.

बाजारांत हाडाच्या आकाराचें, पांढरें, पीळ घातलेलें कातडें मिळतें. तें चुन्यांत किंवा तत्सम द्रव्यांत घालून केस काढलेलें कातडें असतें. चघळून तें बुळबुळीत होतें व मोठा तुकडा एकदम गिळला गेला, तर पोटांत फुगतो. आम्ही तें पसंत करीत नाहीं. जुनी वहाण देणेंही गैर; एक तर तींत खिळे असतात, आणि दुसरें असें कीं, जुन्या वहाणेंतील व नव्या वहाणेंतील भेद कुत्र्यास शिकवितां येत नाहीं.

आतां काय द्यावें तें सांगतों. आमच्या मतें शेतकऱ्यास सर्वांत सोयीचा पदार्थ रताळें हा होय. रताळ्याचे लांब, बोटभर जाड काप करून ते अर्धवट उकडावे व कडक उन्हांत चामड्यासारखे चिवट होईपर्यंत वाळवावे. मीठ-मसाला लावूं नये. शाकाहारी घरांतही यास हरकत नाहीं. ज्यांस मांसाचें वावडें नाहीं, त्यांनीं बकऱ्याचा किंवा म्हशीचा कान आणून साफ करावा, उकळत्या पाण्यांतून काढावा व खडखडीत वाळवावा. त्यांत हाड मुळींच नसतें. पावसाळ्यांत हीं कामें करूं नयेत. बुरशी आलेला तुकडा टाकूनच द्यावा. दांत येत असलेल्या पिलास थंड पाण्यांत ठेवलेलें अखंड, जाड गाजर पुरतें. नेपाळ, सिक्कीम व दार्जिलिंगकडील छुरपी नांवाचें वाळविलेलें दुधाचें चीजही हल्लीं कुत्र्यांकरितां विकत मिळतें. तें फार दिवस टिकतें, पण नखाच्या परीक्षेंत बहुधा नापास होतें. म्हणून तें कोमट पाण्यांत भिजवून, नख उमटूं लागल्यावरच द्यावें.

एका गोष्टीचा संबंध कुत्र्यापेक्षां धन्याच्या घराशीं अधिक आहे. बकरें-मेंढरूं कापल्यावर काळीज व फुप्फुसाचे खराब भाग कुत्र्यापुढें कच्चे टाकतात. त्यांतील पाण्यानें भरलेल्या गांठी खाल्ल्यानें कुत्र्याच्या आंतड्यांत कांहीं मिलिमीटर लांबीचा पट्टकृमि वाढतो. त्याचीं अंडीं विष्ठेवाटे बाहेर पडून हातांवाटे, भाजीवाटे माणसाच्या पोटांत जातात, आणि कित्येक वर्षांनीं माणसाच्या यकृतांत तशाच गांठी होतात. आइसलंडांत हा रोग इतका पसरला होता कीं, डेन्मार्कचे हाराल्ड क्राब्बे यांनीं १८६३ सालीं तेथें जाऊन त्याचा शोध घेतला. पुढें शेतकऱ्यांकरितां लिहिलेलें त्यांचें लहान पुस्तक लोकांत वाटण्यांत आलें, आणि असे भाग कुत्र्यांच्या तोंडीं न पडूं देण्याचा नियम पाळल्यानें विसाव्या शतकांत तो देश या रोगांतून सुटला. तेव्हां असे भाग खोल पुरावे किंवा जाळावे, व कुत्र्यास जंताचें औषध जनावरांच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानें नियमितपणें द्यावें.

चघळावयाचा तुकडा कुत्र्याच्या तोंडाहून लांब असावा, व झिजून गिळण्याजोगा झाला कीं काढून घ्यावा. काढतांना हिसकूं नये; बदल्यांत भाकरीचा तुकडा दाखवावा. मुलांस हें काम सांगूं नये. दोन कुत्रीं असल्यास त्यांस दूर दूर बांधूनच द्यावें. तुकडा गिळल्यावर कुत्रें वारंवार ओकूं लागलें, अन्न नाकारूं लागलें, शौचास होईना किंवा पोट ताठरलें, तर एरंडेल पाजण्याच्या भरीस न पडतां त्याच दिवशीं त्यास पशुवैद्यकीय दवाखान्यांत न्यावें, व काय गिळलें त्याचा उरलेला तुकडा बरोबर ठेवावा.